व्हिएन्नाची वसुली

आमच्या बँकेत 'वसुली' हा शब्द थकबाकीदारांसाठी राखून ठेवलेला आहे. ज्याने कर्ज घेतलं आणि मग तोंड लपवलं, त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, ही वसुली. पण युरोपची सहल करून आलेला मराठी माणूस बॅगा उघडायच्या आत "पैसे वसूल!" असं जाहीर करतो, तेव्हा मला त्या युरोपचीच दया येते. व्हिएन्नाने याचं काय बुडवलं होतं हो?

माझं भांडण सहलीशी नाही. बारा दिवसांत सात देश उरकण्याशी आहे. अशा सहलीत व्हिएन्नाच्या वाट्याला एक दिवस येतो. ही झाली ढोबळ रक्कम. त्यातून बसचा प्रवास, गावाबाहेरच्या हॉटेलात सामान टाकणं आणि 'अगदी घरच्या चवीचं' जेवण वजा करा. निव्वळ शिल्लक तीन तास! सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७ साली शहराची तटबंदी पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी रिंगस्ट्रासे हा झाडांचा प्रशस्त रस्ता झाला. तिथे माणसं रमतगमत फिरतात. आपण त्याला बसमधून प्रदक्षिणा घालतो. मग शॉनब्रुन राजवाडा. खोल्या १४४१. सहा वर्षांच्या मोत्झार्टने १७६२ साली इथेच सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे वाद्य वाजवलं, हे गाइड सांगतो आहे तोवर मागचा गट कोपराने ढोसायला लागतो.

आणि गंमत अशी, की व्हिएन्ना हे पाहायचं शहर नव्हेच. ते बसायचं शहर आहे. तिथल्या कॉफीगृहात एक 'मेलांज' मागवावी. चकचकीत ट्रेमध्ये कॉफी येते, सोबत पाण्याचा पेला येतो. लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं असतात. मग तासभर बसा, दोन तास बसा. टेबल पुसायच्या निमित्ताने तुम्हाला उठवायला कोणी येत नाही. पहिल्या महायुद्धाआधी ट्रॉट्स्की कॅफे सेंट्रलमध्ये बुद्धिबळ खेळत बसायचा. २०११ साली ऑस्ट्रियाने या कॉफीगृहांच्या संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. म्हणजे निवांत बसणं हा तिथे राष्ट्रीय ठेवा आहे. आपल्याकडे त्याला रिकामटेकडेपणा म्हणतात.

खाण्याचंही तेच. झाखर टोर्ट (आपल्या कानाला साखरच!) हा तिथला चॉकलेटचा केक. जर्दाळूचा मुरंबा केकच्या मध्येही घालायचा की नुसता वरच्या चॉकलेटखाली, आणि 'मूळ' हे बिरुद कोणी लावायचं, यावरून झाखर हॉटेल आणि डेमेल मिठाईवाले वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. १९६३ साली तडजोड झाली. ज्या गावात मुरंब्यासाठी वकील लावतात, त्या गावात जाऊन आपण डब्यातली चकली खाऊन परत यायचं?

संगीताला पैसे लागतात म्हणाल, तर १८६९ साली उघडलेल्या तिथल्या ऑपेरागृहात उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं असतात. पिढ्यान्‌पिढ्या रसिकांनी कठड्याला मफलर बांधून आपली जागा धरली आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला हे निराळं शिकवायला नको! पण ऑपेरा संध्याकाळी असतो, आणि संध्याकाळी आपली बस घरच्या चवीकडे निघालेली असते.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, आयुष्यात एकदाच जायचं. सगळं पाहून घ्यायला नको?" मुद्दा वजनदार आहे. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेला पैसा आहे. त्याची किंमत मला काउंटरच्या आतून ठाऊक आहे. पण म्हणूनच विचारतो, ही सहल कोणासाठी? ज्या माउलीने तीस वर्षं घरादाराला गरम वाढलं आणि स्वतः मात्र गार झालेला चहा प्यायली, तिला तुम्ही व्हिएन्नाला नेता आणि तिथेही सहाला उठवता, सातला नाष्टा, आठला बस! हे तर ती घरी फुकट करत होती. तिच्या आयुष्यात राजवाड्यांची उणीव नव्हती. तिच्यासमोर कोणीतरी गरम कप आणून ठेवावा आणि "लवकर आटपा" म्हणू नये, एवढीच एक बाकी राहिली होती. ती बाकी फेडायची सोय अख्ख्या युरोपात व्हिएन्नाइतकी चांगली क्वचितच असेल. आणि नेमकी तिथे आपली बस थांबत नाही.

तेव्हा सात देशांतले चार खुशाल खोडा. व्हिएन्नाला चार दिवस द्या. एक दिवस ब्रॉइगेलच्या चित्रांपुढे घालवा. त्याच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह तिथल्या कलासंग्रहालयात आहे. बाकीचे दिवस नुसते बसा. शेजारी विचारतील, "मग पाहिलंत काय?" त्यांना शांतपणे सांगा, "वसुलीला गेलो नव्हतो. देणं फेडायला गेलो होतो."