दहा वाजताचा डबा

उन्हाळ्यात गाझियाबादच्या सोसायट्यांच्या गेटवर शाळेची बस सातच्या आतच येऊन उभी राहते. स्वयंपाकाच्या ताई येतात त्यानंतर तासाभराने. म्हणजे इंदिरापुरम असो, वसुंधरा असो की राजनगर एक्स्टेन्शन, नर्सरी-केजीतल्या पोराचा डबा घरातल्याच कुणालातरी करावा लागतो आणि तोही अर्धवट झोपेत. हिंडनच्या हवाई दलाच्या वसाहतीत, साहिबाबादकडच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये किंवा नोएडाच्या कंपन्यांत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घरांत सल्ला द्यायला आजी हाताशी नसते. एक आजी साताऱ्याला, दुसरी नागपूरला. मग तरुण आईबाबा मोबाइलवर व्हिडिओ बघतात, त्यात काकडीची फुलं आणि पोळीचे ससे असतात, आणि आपला डबा बघून उगाच खट्टू होतात. अशा आईबाबांसाठी हे लिहिते आहे.

साडेसहाला ओट्यावर डबा कसा दिसतो हे विसरून जा. तो दहा वाजता कसा असेल, एवढाच विचार करा. तोवर तो तीन तास दप्तरात, बाटलीखाली दबून, बसच्या हादऱ्यांत राहिलेला असतो. सुट्टी जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची. त्यातली काही हात धुण्याच्या रांगेत जातात, काही झाकणाशी झटापटीत, आणि उरलेल्या वेळात शेजारच्याच्या डब्यात काय आहे हेही बघायचं असतं. भरवायला कुणी नाही. ‘अजून एक घास’ म्हणायला कुणी नाही. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला स्वतः उघडता येईल, गार झालं तरी चावता येईल आणि दहा मिनिटांत संपेल, तोच चांगला डबा. बाकी सगळी हौस रविवारच्या नाश्त्याला करावी.

झाकणापासून सुरुवात करू. चार बाजूंनी खटके असलेले गळती न होणारे डबे आपल्याला आवडतात, कारण भाजीचं तेल वहीवर येत नाही. पण ते खटके लहान बोटांना उघडत नाहीत. मॅडमसमोर वीस मुलं असतात. आपल्या पोराचा नंबर लागेपर्यंत घंटा होते. डबा भरून परत आला की आपण म्हणतो, ‘याला भाजी आवडत नाही’. भाजीपर्यंत तो पोचलेलाच नसतो! साधा स्टीलचा, एकाच खटक्याचा, उथळ डबा घ्या. झाकणाला रबर असेल तर ते रोज काढून धुवा. त्या खोबणीत काळी बुरशी धरते आणि वरून डबा लख्ख दिसतो. बाटलीच्या नळीचंही तेच.

आता पोळी. तव्यावरची पोळी सरळ डब्यात घालून झाकण लावलं की तिची वाफ झाकणाला आतून धरते, थेंब होऊन परत पोळीवर पडते आणि दहा वाजेपर्यंत वरची पोळी ओली, चिकट आणि खालची कडक होते. मोठा माणूस तीही खाईल, मूल नाही खाणार. म्हणून पोळी आधी जाळीवर किंवा फडक्यावर पाचेक मिनिटं पसरा, तूप लावा, भाजी किंवा चटणी पसरून घट्ट सुरळी करा आणि तिचे दोन-दोन घासांचे तुकडे करा. पोळी एका कप्प्यात आणि भाजी दुसऱ्यात दिलीत, तर लहान मूल नुसती पोळी खातं आणि भाजी घरी आणतं. डिसेंबर-जानेवारीत तूप थिजून पोळीवर पांढरा थर बसतो, तो मुलांना नको वाटतो. त्या दोन महिन्यांत कणकेत तेलाचं मोहन जरा जास्त घाला, वरून तूप नको.

आपल्या स्वयंपाकात प्रवासाचे पदार्थ भरपूर आहेत आणि शाळेचा डबा हा प्रवासाचाच डबा. दुधात कणीक भिजवून केलेली दशमी गार झाली तरी मऊ राहते, सोबत गूळ-तूप दिलं की झालं. तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे मऊ धपाटे, मुगाच्या डाळीचं धिरडं, वाफवून ठेवलेल्या कोथिंबीर वडीचे सकाळी परतलेले तुकडे, मटकीची कोरडी उसळ भरलेली पोळी, हे सगळं गार खाता येतं. थालीपीठ द्यायचं तर लहान आणि जरा जाडसर थापा. पातळ कुरकुरीत थालीपीठ दहाला चामड्यासारखं होतं. भाज्या इथल्या बाजारातल्याच घ्या. हिवाळ्यात लाल गाजर, कोवळा मटार आणि बथुआ (आपला चाकवत) ढिगाने येतात, ते किसून, वाटून कणकेत जातात. उन्हाळ्यात दुधी आणि तोरी. किसलेला दुधी थालिपिठात गेला की कुणाला पत्ता लागत नाही.

साबुदाण्याची खिचडी डब्यात देऊ नका. माझं हे मत ऐकून काही जण रागावतील, पण गार झाली की तिचा गोळा होतो, आणि पोषण म्हणाल तर बराचसा स्टार्च, जे काय असेल ते शेंगदाण्यांत. नूडल्सचीही तीच गत, वर मिठाचा मारा. पोहे चालतील, पण ओलसर करा आणि वरून लिंबू पिळा. पोह्यांत लोह असतं आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ते अंगाला नीट लागतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी सुमारे ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे लिंबाची फोड ही हौस नव्हे. हिवाळ्यात पेरू किंवा सोलून, बिया काढून दिलेला किन्नू तेच काम करतो.

किती द्यायचं? सरकारच्या पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशोब आहे. हे पूर्ण जेवण झालं. आपलं चार-पाच वर्षांचं मूल घरून दूध-बिस्किट तरी खाऊन निघतं आणि दुपारी घरी येऊन जेवतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाने चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण साडेतेराशे कॅलरी लागतात. त्यातला पाव हिस्सा डब्यातून गेला तरी पुष्कळ. दोन लहान पोळ्यांच्या सुरळ्या आणि मूठभर फळ, बस्स. प्रेमापोटी चार पोळ्या कोंबल्या की मूल डबा उघडताक्षणीच हरतं.

फळाची स्वतंत्र सुट्टी अनेक शाळांत असते. तिथे टेट्रा पॅकमधला ज्यूस पाठवू नका. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, कोणत्या पदार्थात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. त्याच परिपत्रकात म्हटलं आहे की चार ते दहा वयाच्या मुलांच्या रोजच्या कॅलरीतल्या १३ टक्के साखरेतून येतात आणि मर्यादा ५ टक्क्यांची असावी. २०२० च्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायला बंदी केली. आपल्याच हाताने दप्तरात घातलेल्या पाकिटाला मात्र कुठला नियम अडवत नाही.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न देऊ नका. घास घशात अडकतो आणि वर्गातल्या गोंगाटात कुणाच्या लक्षात येत नाही. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करा. शेंगदाणा कूट करूनच द्या, आपल्या घरी तो डबाभर असतोच.

कुटावरून आठवलं. मराठी डब्यात कूट कशात नसतं? भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत, लाडवात. आणि मुलं डबे वाटून खातात. शेजारच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आपला एक घास त्याला दवाखान्यात नेऊ शकतो. वर्गात तसं कुणी आहे का, मॅडमना एकदा विचारा. असेल तर कूट पूर्ण बंद, तक्रार न करता. नसेल तरी ‘यात मूंगफली आहे’ एवढं सांगायला मुलाला शिकवा.

अंडं आणि मांसाहाराचं इथलं गणित वेगळं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नोएडातल्या एका शाळेने डब्यात मांसाहार पाठवू नका असं पालकांना कळवलं आणि त्यावर बराच वाद झाला. बरोबर की चूक, यावर आपण मोठ्यांनी खुशाल भांडावं. त्या भांडणात पाच वर्षांच्या मुलाला निरोप्या करू नये. अंडं सकाळी घरी खाऊ घाला किंवा संध्याकाळी. तसंच ‘ये क्या है?’ या प्रश्नाचं. थालीपीठ बघून वर्गातलं कुणीतरी तोंड वाकडं करतं आणि आपलं पोर घरी येऊन पराठा मागतं. द्या की पराठा. थालीपीठ वाढदिवसाला घरी आलेल्या त्याच मित्रांना लोण्यासोबत गरम वाढा. पुढच्या आठवड्यात तीच पोरं ते मागून खातील.

आता उन्हाळा. इथे मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला सहज जातो आणि जुलैचा दमटपणा त्याहून वाईट. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जिवाणू भराभर वाढतात; बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर नाशवंत अन्न तासाभराहून जास्त ठेवू नये असा जाणकारांचा नियम आहे. तो अक्षरशः पाळायचा तर डबाच बंद करावा लागेल, हे मलाही कळतं. पण पनीर, ओल्या नारळाची चटणी, मेयोनेझचं सँडविच, दूध घालून केलेलं काहीही, दुधातली दशमीसुद्धा, यांना एप्रिल ते सप्टेंबर सुट्टी द्या. दशमी थंडीतलीच. उन्हाळ्यात कोरडं, परतलेलं, लिंबू पिळलेलं द्या.

भाताची गोष्ट जरा नीट ऐका. तांदळात असे जिवाणू असतात की त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. रात्रीचा भात ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष सकाळी फोडणी देऊनही जात नाही. म्हणून रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात डब्यात द्यायचा असेल तर तो भात रात्रीच, जेवणं आटोपताच, पसरून गार करून फ्रिजमध्ये गेलेला हवा. नाहीतर देऊ नका. थंडीत खिचडी द्यायला हरकत नाही, पण थर्मासच्या डब्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ते ओतून टाका आणि मग वाफाळती खिचडी भरा. कोमट खिचडी थर्मासात भरणं म्हणजे जिवाणूंना उबेला ठेवणं.

सकाळची धावपळ कमी करायची तर रात्रीची दहा मिनिटं हवीत. कणीक मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून डब्यात, कोथिंबीर निवडलेली, बाटली धुतलेली. वैशाली मेट्रोने रात्री आठला घरी येणारे बाबा हे सगळं करू शकतात. त्याला पाककला लागत नाही. आठवड्याचे पदार्थ रविवारीच ठरवा आणि कागद फ्रिजवर लावा. पाच वेगळे पदार्थ हवेतच असं काही नाही. लहान मुलांना तोच तो डबा आवडतो. कंटाळा आपल्याला येतो. सोमवार-गुरुवार सुरळी, मंगळवार-शुक्रवार धिरडं, बुधवारी पोहे, एवढ्यावर अख्खं सत्र निघतं. नवा पदार्थ आधी घरी, भुकेच्या वेळी, थोडासा द्या. डब्यात पहिल्यांदा भेटलेला पदार्थ मूल खात नाही.

धुक्याने, थंडीने किंवा नोव्हेंबरच्या प्रदूषणाने शाळा बंद होतात, वर्ग मोबाइलवर भरतात. त्या दिवशीही डबा भरा आणि दहालाच उघडायला लावा. सवय मोडत नाही आणि दिवसभरचं बिस्किट खाणं टळतं.

उरलेल्या डब्यावरून दारातच झडती घेऊ नका. मूल दमलेलं असतं, मग ते बसमध्येच डबा दुसऱ्याला देऊन रिकामा आणायला शिकतं. काय उरलं ते मुकाट्याने बघा. सुरळी अर्धी उरली तर उद्या अर्धीच द्या. सलग चार दिवस सगळंच उरलं तर मॅडमना विचारा, कारण गोष्ट जेवणाची नसेलही.

येत्या रविवारी एक करा. सकाळी सातला डबा भरा, दप्तरात घाला, दहाला मुलासमोर ठेवा आणि पंधरा मिनिटं तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. मदत करू नका, डोकावू नका. मग येऊन बघा, झाकण उघडलं का, काय खाल्लं, काय राहिलं. त्यातून जे कळेल त्याप्रमाणे सोमवारचा डबा बदला. झाकणच उघडलं नसेल, तर त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन दुसरा डबा आणा, आणि तो दुकानात मुलाच्याच हाताने उघडून बघून घ्या.