एका दिवसात नवा दात? रक्तापासून बनणारं 'पीआरएफ' नेमकं काय करतं

'आज दात काढा, आजच इम्प्लांट बसवा' अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. त्यात हल्ली 'पीआरएफ' हा शब्द हमखास असतो.

पीआरएफ म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन. तुमचंच थोडं रक्त घेऊन, त्यात काहीही न मिसळता, ते लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवतात. नळीत जेलीसारखी गुठळी तयार होते. तिच्यात अडकलेल्या प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशींमधून जखम भरायला मदत करणारे घटक काही दिवस हळूहळू बाहेर पडतात. फ्रान्सचे डॉ. जोसेफ शुकरून यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली.

मग समोरच्या दातांसाठीच एवढी चर्चा का? वरच्या समोरच्या दातांचं ओठाकडचं हाड बहुतेकदा १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. दात काढल्यावर ते झिजतं, हिरडी मागे सरकते आणि हसताना ते लगेच दिसतं. इम्प्लांट आणि हाड यांच्यात उरलेल्या फटीत पीआरएफ भरतात, अनेकदा बोन ग्राफ्टसोबत.

याने हिरडी भरून यायला मदत होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हाड किती टिकतं, याबद्दल मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय त्या दिवशी बसतो तो दात तात्पुरता. इम्प्लांट हाडात पक्का व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात.

म्हणून 'पीआरएफ वापरता का?' याआधी डॉक्टरांना विचारा, 'सीबीसीटी स्कॅनमध्ये माझं ओठाकडचं हाड शाबूत आहे का?' सिगारेट ओढत असाल किंवा शुगर नियंत्रणात नसेल, तर तेही लपवू नका. पीआरएफ मदतनीस आहे, गॅरंटी नाही.