नाणे वाजवून घेण्याचे शिक्षण

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी १ जुलै २०१८ रोजी, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची वार्ता मोबाईलवरून त्या मुलखात आधीच पसरली होती. ती खरी की खोटी, हे विचारण्यास कोणी थांबले नाही.

त्याच वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणारे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मूळ चित्रफीत कराचीत पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली. तिच्या अखेरीस मूल परत आणून सोडतात व तसा फलकही दाखवितात. कोणीतरी नेमका तो शेवट कापला. चित्र खरे, आणि तरीही वार्ता धडधडीत खोटी! हे बारकावे ओळखण्यास आमच्या शाळा कोणत्या इयत्तेत शिकवितात?

व्हॉट्सअ‍ॅपने पुढे एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच धाडता येईल असे बंधन घातले. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यासच मनाई केली. मनाईला आमचा तात्त्विक विरोध नाही; परंतु सोळावे सरताच तोच मुलगा त्याच बाजारात उतरणार, आणि नाणे वाजवून घेण्याची सवय त्याला तोवर कोणी लावलेली नसणार, त्याचे काय? केरळातील कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्येच सुमारे दीडशे सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले, तो मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

मात्र याचा स्वतंत्र विषय करून, वर गुणांची प्रश्नपत्रिका लादून, त्याचा जीव घेऊ नये. आठवड्यातून एक तास पुरे. घरी आलेला एक संदेश मुलांनी वर्गात आणावा : हा प्रथम कोणी लिहिला, चित्र कोठले व केव्हाचे, यातून काय गाळले आहे, हा पसरल्याने लाभ कोणाचा? हेच प्रश्न वृत्तपत्रांनाही खुशाल लावावेत; आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही.

अडचण खरी आहे ती शिक्षकांची. त्यांच्या प्रशिक्षणात यासाठी निदान दोन दिवस सरकारने राखून ठेवावेत, आणि त्या वर्गाचा आरंभ गुरुजींच्याच मोबाईलमधील सकाळच्या संदेशांपासून व्हावा.