देवाणघेवाण म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये दोघातिघांनी "ब्लॉग बंद पडला का?" म्हणून विचारलं, मावशीनं तर थेट फोन केला. बंद नाही पडला. डोकं तापलेलं होतं, आणि तापल्या डोक्यानं काही लिहू नये असं आमच्या घरचं वळण. पण निवण्याची वाट बघता बघता दोन महिने झाले. निवत नाहीये. तेव्हा आता तसंच लिहितो, सांभाळून घ्या.

झालं असं की अमरावतीला एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये बैठक होती. पर्यावरण न बिघडवता आर्थिक वाढ, आणि त्यासाठी देशोदेशींच्या ज्ञानाची देवाणघेवाण असा विषय. (मूळ नाव याच्या तिप्पट लांब होतं.) कोणाची बैठक ते लिहीत नाही, कारण अशा सगळ्याच बैठका सारख्या असतात. एका ओळखीच्यानं मला दुभाष्या म्हणून बोलावलं आणि वर "खारपाणपट्ट्यातला एखादा अनुभवी शेतकरी आणता का?" असंही विचारलं. अनुभवी म्हटल्यावर आमचे काकाजीच. सत्तर पावसाळे एकाच वावरात काढलेला माणूस. दर्यापूरहून सकाळच्या एसटीनं आले, धुतलेलं धोतर नेसून.

जेवणापर्यंत पडद्यावर इंग्रजी. मी काकाजींच्या कानाशी लागून जमेल तेवढं सांगत होतो. जेवणानंतर "शेतकऱ्यांशी संवाद", वीस मिनिटं. एक युरोपियन बाई समोर बसल्या, शेजारी त्यांचा इथला समन्वयक छापील फॉर्म घेऊन. पहिला प्रश्न: पाण्याची कमतरता आहे का? हो किंवा नाही.

काकाजी म्हणाले, "पानी हाय. पन ते पानी नाई."

मी भाषांतर केलं. बाई पुढे सरकल्या, म्हणाल्या, म्हणजे काय, नीट सांगा. काकाजींनी चष्मा काढला, म्हणजे आता ते अर्धा तास तरी बोलणार. आणि समन्वयकानं घड्याळ बघून 'हो' वर टिचकी मारली नि दुसरा प्रश्न विचारला.

मी म्हटलं होतं ना, तापलं डोकं!

जे पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून वाचताहेत त्यांच्यासाठी काकाजींचा अर्धा तास थोडक्यात सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांचा खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, खोल, बघितली तर सोन्यासारखी. पण खालचं पाणी खारं. विहीर खोदा, पाणी लागतं. ते माणसाला पिता येत नाही आणि पिकाला पाजलं तर दोनचार वर्षांत माती चोपण होते. वरून टणक पापुद्रा, आत पाणी मुरत नाही. एका दुष्काळी साली काकाजींनी जीव राहवेना म्हणून विहिरीचं पाणी पऱ्हाटीला सोडलं होतं. त्या साली पीक वाचलं, आणि त्या तुकड्यानं पुढं कित्येक वर्षं सूड घेतला. "ईहीर बांधली तवा आनंद झाला व्हता, मंग तिच्याकडं पाहूच वाटे ना," हे त्यांचे शब्द. त्यांचं म्हणणं, आपली माती पाणी मुरू देत नाही हीच तिची गुणाची बाजू, शेततळं करा तर प्लास्टिक अंथरायची गरज नाही, फक्त फार खोल जाऊ नका, खालचं खारं वर येतं. जिप्सम टाका, धैंचा गाडा, धुऱ्यावर आलेलं पावसाचं पाणी धरा.

हे सगळं 'हो' मध्ये गेलं.

आता कुणी म्हणेल, अरे, मग बाहेरच्यांना येऊच देऊ नये का? (आमच्या ब्लॉगमंडळीतले दोघे हे म्हणणारच, त्यांची नावं घेत नाही, ते ओळखतील.) मुळीच नाही! मी ज्या गावात वाढलो तिथं पंजाबराव देशमुखांचा फोटो घरोघरी आहे. पापळसारख्या खेड्यातला हा माणूस ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन आला, अमरावतीला शिक्षणसंस्था काढली, देशाचा कृषिमंत्री झाला. जपानी पद्धतीची भातशेती इथं रुजवायला त्यांनी जीव टाकला. १९५५ साली भारत कृषक समाज काढला, आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, खुद्द आयझेनहॉवर आले होते. तेव्हा वऱ्हाडी माणसाला परदेशी ज्ञानाचं वावडं आहे असं कुणी म्हणू नये. भाऊसाहेबांनी जगाला दिल्लीत आणलं ते आमच्या शेतकऱ्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून. फॉर्म भरायला नव्हे.

भांडण ज्ञानाशी नाहीच. भांडण आहे ते वाट एकेरी असण्याशी.

कापसाचंच बघा. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' नावानं विकला जायचा, उमरावती म्हणजे आपली अमरावती, तिच्यावरून. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि सगळ्यांना वऱ्हाड आठवला. १८७० मध्ये खामगावची रेल्वे उघडायला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्यांची तक्रार एकच, तुमचा धागा आखूड. म्हणजे आमच्या मातीला, आमच्या पावसाला काय सोसतं हा प्रश्नच नाही, त्यांच्या यंत्राला काय चालतं ते खरं. गावरानी कापसाचं मूळ खोल जातं, तो ओढ सोसतो, रसशोषक किडींना सहसा दाद देत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात जवळजवळ सगळा कापूस देशीच होता. आज तो शोधावा लागतो. अकोल्याच्या विद्यापीठानं त्याचे वाण सांभाळलेत, काढलेतही, म्हणून निदान बीज उरलंय. आणि गंमत अशी की दवाखान्यात जखमेवर ठेवायला आजही तोच आखूड धाग्याचा कापूस चांगला!

मग २००२ साली बीटी आलं. मी बीटीला सरसकट शिव्या देणाऱ्यांतला नाही. पहिली काही वर्षं बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, हे काकाजीही कबूल करतात. पण काय आलं आणि काय आलं नाही ते बघा. पाकीट आलं. साडेचारशे ग्रॅमच्या त्या पाकिटाबरोबर एकशेवीस ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी असायची. ती कडेनं लावायची, म्हणजे अळीला साधी झाडंही मिळतात आणि तिच्यात प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. ही गोष्ट आमच्या गावात किती जणांना कुणी समजावून सांगितली? मी विचारत फिरलोय. "ते कचरा बी? फेकून देलं." पुडीवर बारीक अक्षरं होती, बस्स. अमेरिकेत याच गुलाबी बोंडअळीवर त्यांनी साधी झाडं राखली, वांझ पतंग सोडले, शेतकऱ्यांसकट सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०१८ साली तिथल्या कृषिखात्यानं ही अळी देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ ला, विदर्भात तिनं बोंडं पोखरून टाकली होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. बियाणं दोन्हीकडं पोचलं. ते वापरायचं ज्ञान एकीकडेच राहिलं. फरदड घेऊ नका, पीक वेळेत मोडा, अळीचं चक्र तुटतं, एवढं साधं वाक्यसुद्धा आमच्यापर्यंत नुकसान झाल्यावर पोचलं. ही देवाणघेवाण?

आता उलटी बाजू. इथून जे जातं त्याचं काय होतं?

अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज १९२४ ते १९३१ इंदूरला होता, आपल्या उशालाच म्हणा ना. त्याला दिसलं की इथल्या शेतकऱ्याला काहीतरी कळतं. शेतकरी आणि कीड यांनाच गुरू मानलं असं तो स्वतः सांगे. खताची 'इंदूर पद्धत' त्यानं जगाला दिली, १९४० साली पुस्तक लिहिलं, विलायतेत नि अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ त्यातून उभी राहिली. हॉवर्डबद्दल मला आदरच आहे. पण आज तेच ज्ञान 'प्रमाणपत्र' होऊन परत आलंय, आणि ते मिळवायला फी, कागद आणि तपासनीस लागतो. उकिरडा आमचा, शिक्का त्यांचा!

कडुलिंबाचं तर सगळ्यांना माहीत आहे. युरोपात लिंबोळीच्या बुरशीनाशकावर पेटंट दिलं गेलं, ते २००० साली रद्द झालं आणि अपील संपून पक्कं रद्द व्हायला २००५ उजाडलं. आमच्या आजीला हे कळलं असतं तर ती हसून हसून पडली असती.

आणि ताजं उदाहरण. सुभाष पाळेकर आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांच्या झिरो बजेट शेतीवर मतभेद आहेत, माझेही काही आहेत. २०१९ साली राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं तिला पुरावा नाही म्हणून सांगितलं, ते वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. पण आंध्र सरकारनं ती कल्पना उचलली, आपल्या पद्धतीनं बदलली, गावागावांत बायकांच्या गटांतून नेली, आणि २०२४ साली त्या कार्यक्रमाला पोर्तुगालचा गुल्बेंकियन पुरस्कार विभागून मिळाला. बेलोऱ्याहून निघालेली गोष्ट विजयवाड्यामार्गे लिस्बनला पोचली. बेलोऱ्याच्या शेजारच्या वावरात अजून पाठीवर पंप आहे! चूक असेल तर आमच्याच मातीत मोजून चूक दाखवा, बरोबर असेल तर आमच्याच मातीत करून दाखवा. दोन्ही नाही.

आंतरराष्ट्रीय पैसा इथं आलाच नाही असं नाही. सहा जिल्ह्यांसाठी आयफॅडचा प्रकल्प २००९ मध्ये मंजूर झाला, कचेरी अमरावतीलाच होती. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जावरचा 'पोकरा' आला, पाच हजारांवर गावं, त्यात खारपाणपट्ट्यातली शेकडो गावं मुद्दाम धरलेली. आयआयटी मुंबईनं गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून दिला. शेततळी झाली, तुषार संच आले. हे चांगलंच झालं, नाही म्हणणारा कृतघ्न. पण कर्ज आपण फेडणार ना? मग त्यातून जे कळलं ते आपल्या भाषेत, आपल्या गावात असायला नको का? माझी मागणी फार मोठी नाही. कुठल्याही प्रकल्पाचं शेवटचं बिल निघण्याआधी त्याचा पूर्ण अहवाल, सारांश नव्हे, मराठीत ग्रामपंचायतीत ठेवायचा आणि ग्रामसभेत वाचायचा. काय फसलं ते आधी. तज्ज्ञाला दिवसाचं मानधन मिळतं तसं शेतकऱ्यालाही द्यायचं. काकाजींना त्या दिवशी एक कापडी पिशवी आणि पेन मिळालं. आणि पाच वर्षांनी परत यायचं, फोटो काढायला नाही, माती तपासायला.

बियाण्यांच्या देवाणघेवाणीचा एक मोठा आंतरराष्ट्रीय करार आहे, २००१ चा. शेतकऱ्यांच्या परंपरागत ज्ञानाचं रक्षण त्यात लिहिलंय, वाचून बरं वाटलं. मग देवाणघेवाणीच्या पिकांची यादी बघितली. गहू आहे, तांदूळ आहे, ज्वारी आहे, आमची तूर आहे. कापूस नाही. यादी खाण्याच्या आणि चाऱ्याच्या पिकांची, मग नसणारच म्हणा. पण ज्या पिकावर आमच्या चार पिढ्या जगल्या नि बुडाल्या ते तिथंही नाही.

असो. आता घरचा अहेर. बैठकीहून परतताना एसटीत मी समन्वयकाच्या नावानं बोटं मोडत होतो. काकाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यानं तरी इचारलं बावा. तू कधी इचारलं मले?" मी गप्प. पन्नाशीला आलो, जगभरचे अहवाल उतरवून वाचतो, आणि काकाजींच्या फळीवरच्या वह्या मला लहानपणापासून दिसताहेत. पाऊस कधी, पेरणी कधी, विहिरीला पाणी किती हातांवर, कोणत्या तुकड्यात काय पिकलं. एकदाही उघडल्या नव्हत्या.

त्या बाईंचा, तसं बघितलं तर, दोष नव्हता. जाताना त्यांनी माझ्याकडं पत्ता मागितला, म्हणाल्या मला त्या पाण्याचं पूर्ण ऐकायचंय. मी कळवलंय. उत्तर आलंय, हिवाळ्यात येतो म्हणतात, स्वतःच्या खर्चानं. काकाजींनी विचारलं, "भाकर खाते का ते?"

तोवर मी वह्या टाईप करायला घेतल्यात. अकरा वह्या आहेत. १९७२ ची अर्धी वाळवीनं खाल्ली, मधली दोन वर्षं सापडत नाहीत. चुलतभावंडांनो, आबाजींच्या वाटणीच्या वेळी एक लाल पुठ्ठ्याची वही अकोल्याला गेली असं मोठ्याई म्हणते. कुणाच्या माळ्यावर असेल तर दिवाळीला येताना आणा. रद्दीत घातली असेल तर तेही सांगा, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण लिहिणार नाही. :)