मुंगीच्या घरचा पाहुणा, पण कुळ कोणते?

गिरगावातल्या चाळीत साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की खडूची रेघ ओढली जाते आणि विषय संपतो. रांगेच्या दुसऱ्या टोकाला, वारुळात, आणखी कोण राहते हे पाहतो कोण? काही जातींच्या मुंग्यांकडे चक्क भुंगेरे पाहुणचार झोडत असतात. ‘पॉसस’ त्यातला मासलेवाईक. त्याच्या अंगातून पाझरणारा स्राव मुंग्या चाटतात आणि तो त्यांच्याच अळ्या फस्त करतो.

त्याच्या फुगीर, विचित्र स्पर्शिकांनी शास्त्रज्ञांनाही चकवले. लिनियसने १७७५ मध्ये वर्णन केलेल्या या भुंगेऱ्याला पुढे दीर्घकाळ स्वतंत्र कुळ बहाल केले गेले. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत १९१२ साली फाउलर यांनीही तेच केले. आज पॉसस जमिनीवर धावणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुळातले केवळ एक उपकुळ आहे. मुंग्यांच्या सहवासात रूप बदलले, नाते नाही. ‘क्लॅव्हिजर’ गटाचेही तसेच झाले. तेही आता आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांच्या कुळात आहेत. गुजरातेत खंबातच्या अंबरमध्ये सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा त्यांचा एक पूर्वज सापडला, त्याचे वर्णन २०१४ मध्ये झाले. आजच्या वंशजांच्या पोटाचे जे खंड एकसंध झाले आहेत, ते त्याचे सुटे होते. मधला दुवा असा हाती लागणे भाग्याचेच.

मुंबईला हा विषय परका नाही. १८८३ मध्ये येथे स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ साली वनाधिकारी रॉटन यांनी ‘आपल्या मुंग्या’ लिहिल्या. ऑगस्ट फोरेल यांची भारतीय मुंग्यांवरील दीर्घ लेखमालाही तिथलीच. यजमानांची ओळख अशी आधीच झालेली. पाहुण्यांची मोजदाद मागे राहिली.

याचे एक कारण साधे आहे. पॉसस रात्री दिव्याकडे येतो, तेव्हा पकडणे सोपे. पण यजमान मुंगी कोणती, हे तिथे कळत नाही. ते वारुळातच कळते, आणि वारूळ असते अंगणात. पुनर्विकासात लालबागच्या चाळीचे अंगण खणण्यापूर्वी झाडे मोजली जातात, कीटक नाहीत. ही मोजणी दादर-परळच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांना अवघड नाही. विद्यापीठाने तिला प्रकल्पाचे गुण द्यावेत. फक्त भुंगेरा टाचणीवर लावताना त्याच टाचणीवर त्या वारुळातली एक मुंगीही लावावी, आणि चिठ्ठीवर जागा व तारीख लिहावी.