शनिवारची वाट

गेल्या वर्षी २ ऑक्टोबरला दसरा होता आणि त्याच दिवशी ज्यूंचा योम किप्पूरही. २०२४ मध्ये हे दोन्ही दिवस १२ ऑक्टोबरला एकत्र आले, २०२२ मध्ये ५ ऑक्टोबरला. हा निव्वळ योगायोग नाही. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात आणि दोन्हींना अधिक महिना धरून सूर्याशी मेळ घालावा लागतो. त्यामुळे ज्यूंचा तिश्री महिना कित्येकदा आपल्या घटस्थापनेच्या सुमारास लागतो आणि त्यांची दशमी विजयादशमीला येऊन मिळते. तसे झाले नाही, तर यंदासारखी गाठ बहुधा गणेशोत्सवाशी पडते. ठाण्यात ही गाठ टेंभी नाक्यावर प्रत्यक्ष दिसते. एकीकडे आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या देवीच्या उत्सवाला लोटलेली गर्दी असते. तिथून जवळच, सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात, १८७९ साली स्थापन झालेल्या शार हशामाईम सिनेगॉगमध्ये बेने इस्रायल ज्यू मंडळी दिवसभर निर्जळी उपास धरून प्रार्थनेला बसलेली असतात. अंधार पडला की शिंगाचा शोफार वाजतो, उपास सुटतो आणि ही माणसे घरी निघतात. ज्यांना सण काटेकोर पाळायचा असतो, ती सिनेगॉगला पायीच आलेली असतात.

पायीच का, हे शेजारी राहणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ. या काळात आग पेटवायची नाही, ही तोराहची आज्ञा. गाडीच्या इंजिनात ठिणगी पडते, म्हणून गाडी वर्ज्य. पैशांना हात लावायचा नाही, म्हणून रिक्षाही वर्ज्य. मोबाइल घरी राहतो. वाटेत दिवे गेले तर टॉर्च लावता येत नाही आणि कडक सोवळे पाळणाऱ्याला छत्रीसुद्धा उघडता येत नाही. ठाण्यातला जुलै ज्याने पाहिला आहे, त्याला याचा अर्थ सांगायला नको. योम किप्पूरला हेच सारे नियम लागू होतात आणि वर उपास, शिवाय कातडी पादत्राणे घालायची नाहीत. सगळे बेने इस्रायल इतके कडक पाळतात असे नाही. अनेकजण गाडीने, रिक्षाने येतात, आणि घोडबंदर रोडच्या टोकाला घर घेतलेल्यांपुढे दुसरा इलाजही उरत नाही. पण जे पाळतात त्यांत वयस्क मंडळी पुष्कळ. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. लहानशा समाजात हा दहाचा आकडा जमवणे सोपे नसते. गुडघे दुखतात आणि रस्त्याची भीती वाटते म्हणून सत्तरीतला एक माणूस घरी बसला, तर कधी कधी उरलेल्या नऊ जणांनाही ती प्रार्थना पुरी करता येत नाही. खराब रस्त्याची किंमत इतकी थेट मोजणारी माणसे या शहरात फार थोडी असतील.

आणि ही माणसे परकी नाहीत. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात आले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा त्यांनी धरला, गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे घेतली आणि मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. नव्याचा सण, दारफाळणीचा सण ही त्यांच्या सणांची नावे मराठी आहेत. नववर्षाला रोश हशाना आणि दारफाळणीला योम किप्पूर हे शब्द त्यांच्या घरात नंतर रुळले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. ज्याची ओळखच शनिवारच्या विसाव्यावरून पडली, अशा समाजाला कोकणाने सामावून घेतले आणि त्यासाठी कोणाला कायदा करावा लागला नाही. पुढे पलटणी, सरकारी कचेऱ्या, दवाखाने, रेल्वे अशा नोकऱ्यांनी त्यांना मुंबई-ठाण्याकडे आणले. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुसंख्य लोक तिकडे गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २,४६६ ज्यू उरले होते आणि त्यांची मोठी वस्ती आजही ठाण्यात आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

सिनेगॉग उभे राहिले तेव्हा ठाण्यात रेल्वे येऊन पंचवीस-सव्वीस वर्षे झाली होती. मोटार मात्र नव्हती. रस्ता माणसांच्या पायांचा होता, बैलगाडी-टांग्यांना सोबत घेऊन चालणारा. प्रार्थनास्थळ पायी पोहोचता येईल असे हवे, म्हणून ते गावाच्या मध्यावर बांधले. ते आजही तिथेच आहे. बदलला तो त्याच्या दारापुढचा रस्ता.

जुन्या ठाण्यात शुक्रवारी संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास चालून पाहावे. ऑफिसे सुटलेली, स्टेशनकडून रिक्षांची रांग वाहत येत असते. फुटपाथ आहे, पण त्यावर स्कूटर तिरक्या लावलेल्या असतात. पुढे दुकानदाराने काढलेली पायरी, मग पाणीपुरीची गाडी, मग विजेचा डीपी, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि शेजारी तिरके बसलेले चेंबरचे झाकण. म्हातारा माणूस खाली रस्त्यावर उतरतो. पाच पावलांवर पुन्हा वर चढायचे, तर कडा एवढी उंच की कोणाचा तरी हात लागतो. म्हातारा मग रस्त्याच्या कडेनेच चालत राहतो, अंधारात, पाठीमागून येणाऱ्या वाहनांच्या भरवशावर. इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते की वस्तीच्या भागातही फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडा १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. हे मानक महापालिकेच्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक आहे. निविदांत ते लिहिलेलेही असते. रस्त्यावर ते उतरत नाही, याचे कारण पैशांची चणचण नाही. अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोसाठी १२,२०० कोटी रुपये मंजूर होतात, डोंगराखालून बोरिवलीपर्यंत बोगदा खणायला घेतला जातो. त्या तुलनेत कडा सहा इंचांवर आणणे आणि स्कूटर उचलणे यांचा खर्च तो किती! पण या कामाचे भूमिपूजन करता येत नाही, फीत कापता येत नाही आणि ते रोज नेटाने करावे लागते. म्हणून ते कोणाच्याच अंगावर पडत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाचांतला एक मृत्यू साध्या चालणाऱ्या माणसाचा. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट सांगितले की अडथळ्यांविना फुटपाथ मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या खंडपीठाचे प्रमुख होते मूळचे ठाण्याचे न्या. अभय ओक. याच न्यायमूर्तींनी मुंबई उच्च न्यायालयात असताना, ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर, रस्ते अडवणाऱ्या उत्सवी मांडवांबाबत २०१६ मध्ये निकाल दिला होता. चालणाऱ्याच्या हक्काचा कायदा घडवण्यात ठाणेकरांचा असा मोठा वाटा आहे. त्या कायद्याचा लाभ ठाण्याच्या रस्त्यांवर दिसू नये, याची खंत वाटते.

इच्छा असली की काय होते, तेही टेंभी नाक्यावरच दिसते. नवरात्रात वाहतूक शाखा दरवर्षी अधिसूचना काढते, एसटी आणि टीएमटीच्या बसगाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवते, नाक्याकडे येणारी वाहने अलीकडेच थांबवते. नऊ दिवस त्या चौकात गर्दी मरणाची असते, पण चाके थांबलेली असतात. दारफाळणीच्या रात्री उपाशी पोटी घरी जाणाऱ्या ज्यू आजोबांना देवीच्या भक्तांच्या लोंढ्यातून वाट काढावी लागते हे खरे. तरी एरवीच्या शुक्रवारपेक्षा त्या चौकात ते जास्त सुरक्षित असतात. वळवलेल्या गाड्या चरईच्या गल्ल्यांत शिरतात आणि तिथल्या पादचाऱ्यांचा जीव मेटाकुटीला येतो, त्याकडे मात्र कोणी पाहत नाही. २०२३ च्या डिसेंबरात या सिनेगॉगला बॉम्बची धमकी देणारा ई-मेल आला तेव्हा पोलीस आणि बॉम्बशोधक पथक तातडीने धावले, परिसर रिकामा केला, कोपरान् कोपरा तपासला. यंत्रणेने तेव्हा कर्तव्य चोख बजावले. घातपाताच्या शंकेने जिला जाग येते, त्या यंत्रणेने रोजच्या, ठाऊक असलेल्या धोक्यासाठीही तितकेच जागे व्हावे, एवढेच आमचे मागणे आहे.

मूठभर लोकांसाठी रस्ता का बदलायचा, असे विचारणारे भेटतील. त्यांनी त्या चौकात उभे राहून चारी दिशांना पाहावे. पारशांची १७८० सालची अग्यारी तिथे आहे. मुनिसुव्रत स्वामींचे जैन मंदिर आहे, जिथे येणारे साधू-साध्वी आयुष्यभर कोणत्याही वाहनात बसत नाहीत आणि अनवाणी विहार करतात. महामार्गांवर अशा साध्वी गाडीखाली सापडल्याच्या बातम्या आपण कितीदा वाचल्या आहेत. जवळच चर्च आहे, पलीकडे जांभळी नाक्याला कौपिनेश्वर आहे, जिथे श्रावणी सोमवारी पहाटेपासून बायका पायी येतात. आणि पायी वारी हाच ज्यांचा धर्म, त्या वारकऱ्यांचे काय? २०२२ च्या ऑक्टोबरअखेर कोल्हापूर जिल्ह्यातून कार्तिकीला निघालेल्या दिंडीत सांगोल्याजवळ जुनोनी इथे मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. महाराष्ट्रात भक्ती पायांनी चालते. शब्बाथला सिनेगॉगकडे निघालेला माणूस त्याच वाटेवरचा आहे. फरक एवढाच की त्याची वारी दर आठवड्याला असते आणि तिच्या आगेमागे पोलिसांची गाडी नसते.

जगात हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला गेला. जेरुसलेममध्ये बार-इलान रस्ता शब्बाथला बंद ठेवावा की नाही, यावरून नव्वदच्या दशकात दंगे झाले. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या निकालाचा रोख असा की प्रार्थनेच्या तासांपुरता रस्ता बंद ठेवता येईल, पण तिथल्या धर्म न पाळणाऱ्या रहिवाशांची ये-जा अडता कामा नये. लॉस एंजेलिसच्या ज्यू वस्त्यांत बटण दाबून चालू होणारे पादचारी सिग्नल शब्बाथला आपोआप लागण्याची सोय आहे, कारण त्या दिवशी बटण दाबणे निषिद्ध. अमेरिकेत अनेक ठिकाणी शुक्रवारी रात्री काळ्या कोटात चालणाऱ्यांना अंगावर घालायला चमकणारे पट्टे वाटतात. हा शेवटचा उपाय आम्हाला फारसा पटत नाही. वाहन चालवणाऱ्याने वेग आवरायचा सोडून चालणाऱ्याने चमकत राहायचे, यात जबाबदारी चुकीच्या खांद्यावर जाते. रस्ता बंद करण्याची मागणीही ठाण्यात कोणी केलेली नाही आणि त्याची गरजही नाही. इथे गरज आहे ती फुटपाथच्या पातळीला उचललेल्या क्रॉसिंगची, म्हणजे म्हाताऱ्याला उतरावे लागणार नाही आणि गाडीला वेग कमी करावाच लागेल. पादचाऱ्यांसाठी आपोआप लागणारा आणि हळू चालणाऱ्यालाही पुरणारा सिग्नल हवा. झाडांच्या फांद्यांआड गेलेले रस्त्यावरचे दिवे मोकळे करायला हवेत. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी सिनेगॉगपासून टेंभी नाका आणि चरईपर्यंतच्या पट्ट्यात पार्किंगला सक्त मनाई हवी आणि ती अमलात आणायला टोइंगची गाडी हवी. यातली एकही गोष्ट धर्माच्या नावाने करावी लागत नाही. ती शाळेतल्या पोरांना, सिव्हिलच्या रुग्णांना आणि गरोदर बाईलाही तितकीच उपयोगी पडेल.

हे सारे जुन्या ठाण्याच्या चार गल्ल्यांपुरते राहू नये, असेही आम्हाला तितक्याच आग्रहाने म्हणायचे आहे. दिवा हे उपनगर याच महापालिकेत येते. तिथे स्टेशनबाहेर पाऊल टाकले की फुटपाथ शोधावा लागतो. पूर्वेकडून पश्चिमेला जायचे तर वर्षानुवर्षे रेल्वेचे फाटक हाच आधार होता. ते उघडे राहिले की लोकल खोळंबायच्या, बंद झाले की माणसे त्याच्याखालून वाकून रूळ ओलांडायची, आणि उड्डाणपुलाचे काम मात्र रेंगाळत राहिले. गणपतीत डोक्यावर मूर्ती घेऊन खाडीकडे निघालेला आगरी-कोळी बाप्या, रमजानमध्ये रात्री तरावीहची नमाज आटोपून परतणारे लोक, नवरात्रात पहाटे अनवाणी निघणाऱ्या पोरी, सावंतवाडीच्या गाडीसाठी बोचकी घेऊन धावणारे चाकरमानी, हे सगळे त्याच खड्ड्यांतून, त्याच रिक्षांच्या मधून चालतात. दिव्यातल्या माणसाला गाडी परवडत नाही म्हणून तो रोज चालतो आणि शब्बाथ पाळणारा धर्माज्ञेने आठवड्यातून एकदा चालतो. रस्त्यावर दोघांचा जीव सारखाच उघड्यावर असतो.

यंदा ज्यूंचे नववर्ष ११ सप्टेंबरला, शुक्रवारी सूर्यास्ताला लागते. गणेश चतुर्थी सोमवारी, १४ तारखेला. मधल्या शनिवार-रविवारी जांभळी नाक्यापासून स्टेशनपर्यंत मखरे, फुले आणि फळे घ्यायला अख्खे ठाणे लोटेल आणि त्याच दोन दिवसांत नव्याच्या सणाच्या प्रार्थनेला माणसे चालत येतील. योम किप्पूर २० तारखेच्या संध्याकाळी सुरू होऊन २१ ला रात्री संपेल, ऐन गणेशोत्सवात. वाहतूक शाखा आणि महापालिका उत्सवाआधी मंडळांच्या बैठका घेतातच. त्या बैठकीला यंदा सिनेगॉगच्या विश्वस्तांना बोलवावे, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळा अधिसूचनेत धराव्यात आणि मांडव-कमानींना परवानगी देताना पादचाऱ्यांची वाट आधी आखून मग उरलेली जागा मांडवाला द्यावी. त्याआधी आयुक्तांनी स्वतः एका शुक्रवारी सूर्यास्तानंतर चरईतून टेंभी नाक्यापर्यंत आणि एका सकाळी दिवा स्टेशनपासून पूर्वेच्या वस्तीपर्यंत पायी जावे. सोबत रस्ते विभागाचा अभियंता असावा आणि जिथे जिथे फुटपाथ सोडून खाली उतरावे लागेल, तिथली दुरुस्ती पावसाळा संपण्याची वाट न पाहता हाती घ्यावी.