रकान्यातला मुसलमान

सच्चर समितीचा अहवाल आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? भरसभेत हात वर करायला सांगितले तर सन्नाटा पसरेल, हे आम्ही अनुभवाने सांगतो. तरीही गेल्या वीस वर्षांत आपला एकही जलसा, मोर्चा की इफ्तार पार्टी सच्चर साहेबांचे नाव घेतल्याशिवाय पार पडलेली नाही. ‘सच्चर ने कहा है’ म्हटले की टाळ्या! मार्च २००५ मध्ये समिती नेमली गेली, नोव्हेंबर २००६ मध्ये चारशे पानांचा अहवाल संसदेत मांडला गेला. लोकसंख्येत १३.४ टक्के असलेला समाज आयएएसमध्ये ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के, हे आकडे आपल्या पुढाऱ्यांना तोंडपाठ आहेत. पण शाळेच्या वयातली जेमतेम ३ टक्के मुसलमान मुले मदरशात जातात, हेही त्याच अहवालात आहे. ‘तुमची पोरं मदरसे सोडतच नाहीत’ असे शेजारी म्हणतो तेव्हा हा आकडा आमच्या ओठावर येत नाही. येणार कुठून? वाचलेलेच नसते. समान संधी आयोग नेमावा अशी शिफारस होती. तो आयोग आजतागायत आलेला नाही आणि त्यासाठी हिंगोलीत कोणी तहसीलदाराला साधे निवेदन दिल्याचेही आमच्या ऐकिवात नाही.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातले उर्दू शाळांचे मास्तर. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. सच्चरनंतर केंद्र सरकारने देशातले ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले त्यात चार: परभणी, हिंगोली, वाशीम, बुलडाणा. आमच्या काही मंडळींची यावर छाती फुगली, जणू हिंगोली म्हणजे दुसरे मालेगाव! वस्तुस्थिती अशी की इथे मुसलमान दहांत एकाच्या आसपास आहेत आणि बौद्ध बांधव आमच्यापेक्षा जास्त, १५ टक्के. दोघे मिळून आकडा चौथाईवर गेला म्हणून जिल्हा यादीत आला. म्हणजे आमच्या नावाची योजना बौद्धांच्या खांद्यावर बसून आली. याची जाणीव किती मोहल्ल्यांना आहे?

योजनेआधी पाहणी करायची होती. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या देखरेखीखाली नव्वदही जिल्ह्यांत संशोधन संस्थांनी गावोगाव कुटुंबांची माहिती गोळा केली. त्या सुमारास आम्ही बारावी होऊन डी.एड.च्या यादीकडे डोळे लावून बसलो होतो. आमच्याही गावात फॉर्म घेऊन माणसे आली. संडास आहे का, विजेचा मीटर आहे का, मुलगी कितवीत आहे. अब्बांनी चहा पाजला, सगळे खरे सांगितले. माणसे कोणाची, लिहिलेले जाणार कुठे, हे कोणी विचारले नाही. पाव्हण्याला असे विचारायची आमच्याकडे रीत नाही. ती माणसे पुन्हा आली नाहीत. जिल्ह्याचा अहवाल दिल्लीत इंग्रजीत तयार झाला. ज्यांची माहिती त्यात होती त्यांच्यासमोर तो उर्दूत किंवा मराठीत कधी वाचला गेला नाही. अंगणवाड्या, वर्गखोल्या, घरकुले आली. मात्र आरंभी योजनेचे एकक जिल्हा होते. त्यामुळे पैसा जिल्ह्यात आला तरी मोहल्ल्यात येईलच याची हमी नव्हती. हा दोष दिल्लीला पुढे कळला आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेत एकक तालुक्यावर, शहरावर आणले गेले. आमच्या कोणी अहवाल हाती घेऊन ‘या गावात इतकी घरे, मग वर्गखोली त्या गावात कशी?’ एवढे जरी विचारले असते!

अहवाल दडून राहणे मराठवाड्याच्या मुसलमानाला नवे नाही म्हणा. पोलीस ॲक्शननंतर १९४८ मध्ये पंडित सुंदरलाल यांची समिती इथे फिरून गेली. तिने लिहिलेले सामान्य माणसाच्या दृष्टीस पडायला साठाहून जास्त वर्षे गेली. राज्य सरकारने २००८ मध्ये नेमलेल्या महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल देऊन ८ टक्के आरक्षणाची शिफारस केली. सरकारने जुलै २०१४ च्या अध्यादेशात ५ टक्के दिले. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले थांबवले, पण शिक्षणातले त्या वेळी चालू ठेवले. आकडे कोर्टात टिकले. विधानसभेत मात्र अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि सगळे संपले. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला ५६ शहरांतल्या मुस्लिमांचा अभ्यास सोपवला गेला. अभ्यासाला आमची ना नाही. तोच रोगी, नवा डॉक्टर, पुन्हा नाडी; औषधाची चिठ्ठी कोणी फाडायची, एवढाच आमचा सवाल आहे.

इथे एका परक्या माणसाची गोष्ट सांगणे भाग आहे. अमेरिकेत १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ड्यू बॉइस नावाच्या तरुण काळ्या विद्वानाला फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीची पाहणी करायला नेमले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेला माणूस, पण विद्यापीठाने त्याला शिकवू दिले नाही. तो बायकोसह त्याच वस्तीत राहिला आणि अडीच हजार घरे स्वतः हिंडला. लोकांना आपला असा अभ्यास झालेला आवडला नाही, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. १८९९ मध्ये त्याचा ग्रंथ आला. काळे लोक मुळातच गुन्हेगार आणि आळशी, असे म्हणणाऱ्यांना त्याने घर, मजुरी, भाडे, आजार यांच्या तक्त्यांनी उत्तर दिले. नंतर तो अटलांटाच्या काळ्यांच्या विद्यापीठात गेला. तिथे दरवर्षी एक विषय घेऊन तो पाहणी करी आणि माहिती आणून देत ती काळ्यांच्याच कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेली मुलेमुली. फरक हाच. फॉर्म भरून घेणारा वस्तीतलाच होता आणि अहवाल कोणत्या कपाटात आहे हे वस्तीला माहीत होते.

१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहिले होते. बाबासाहेबांना पाहणी आणि पुराव्याची किंमत कळत होती. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत कॉलेज काढले. तेच आजचे मिलिंद. त्या परंपरेतून आमच्या शेजारच्या बौद्धवाड्यातला पोरगा पीएच.डी. करतो आणि आपल्या आजोबाच्या वतनावर मराठीत लिहितो. अनुसूचित जातींसाठी बार्टी आहे. मराठ्यांसाठी २०१८ मध्ये सारथी आली, २०१९ मध्ये ओबीसींसाठी महाज्योती. आपल्यासाठी ‘मार्टी’ला मंजुरी मिळाली ऑगस्ट २०२४ मध्ये, आणि त्याआधीच डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचे संसदेत सांगितले होते. इतर योजनांशी ती एकावर एक येते, असे कारण दिले गेले. जी मुले उद्या आपली मोजणी करणार होती त्यांचेच पैसे बंद! हिंगोलीत किती मोर्चे निघाले? एखाद्या चित्रपटावर निघाले असते.

मोजणी होऊच शकत नाही असे कोणी म्हणू नये. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाने मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांचे घरोघर सर्वेक्षण केले. २३ जानेवारीला सुरू, २ फेब्रुवारीला बंद. दारोदार हिंडणाऱ्यांत राज्यभरचे मास्तर होते, त्यात आम्हीही. मोबाईलवर दीडशेच्या आसपास प्रश्न. आरक्षणातले घर निघाले की चार ओळींत काम संपे. मराठा बांधवाला हक्क मिळू नये असे आमचे अजिबात म्हणणे नाही; त्यांनी तो लढून घेतला. पण दहा-अकरा दिवसांत सारे राज्य मोजून होते, हे आम्ही आमच्या पायांनी पाहिले.

त्याच्या थोडे आधी, २०२३ मध्ये, कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती मराठवाड्यात आली. निजामकालीन कागद मोडीत आणि उर्दूत. उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्याच कागदांत पिंजारी, बागवान, मोमीन, तांबोळीही होते. त्या ओळींवर बोट ठेवायला आमच्यातले कोणी पुढे झाले नाही, आम्हीसुद्धा नाही.

आता मूळ दुखण्यावर येतो. ७ डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने मुस्लिम ओबीसींना दाखल्याची वाट खुली झाली. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी त्यासाठी हयात घालवली. पण दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो बहुधा असतो शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात. ते रजिस्टर आमच्याच हातात असते. एका शाळेतले जुने उर्दू रजिस्टर आम्ही पाहिले. कौमच्या रकान्यात मुहर्रिराने स्वच्छ ‘पिंजारा’ लिहिले होते. पुढच्या मराठी रजिस्टरात त्याच घराचा मुलगा: धर्म मुसलमान, जात मुसलमान. नातूही तसाच. कोणत्याही सरकारने हे करायला सांगितले नव्हते. आमच्यासारख्याच एका मास्तरने घाईत किंवा भक्तिभावाने ते लिहिले. त्या घराची पोरगी आज नर्सिंगच्या प्रवेशासाठी आजोबाचा कागद शोधत फिरते आहे.

‘इस्लाममध्ये जात नाही’ हे आम्हालाही मान्य आहे. कुरआनात नाही. पण कळमनुरीत आहे, वसमतमध्ये आहे, रिसाला बाजारात आहे. सोयरिकीच्या वेळी कोण सय्यद, कोण पठाण, कोण कसाब हे बरोबर आठवते. दाखल्याच्या वेळीच आपण सगळे एक सफ होतो! जात झाकून ठेवण्यात ज्यांचे काही बुडत नाही अशा घरांतूनच हे वाक्य जोराने ऐकू येते. गादी पिंजणाऱ्याच्या पोराचे मात्र त्यात पूर्ण वर्ष बुडते.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने येत्या जनगणनेत जातींची नोंद करायचे जाहीर केले. माणसे मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि दारात येणारा बहुधा कोणी मास्तरच असेल. त्याआधी प्रत्येक जमातीने जुम्म्याच्या नमाजनंतर दहा मिनिटे द्यावीत आणि आपल्या बिरादरीचे नाव कसे नोंदवायचे हे ठरवावे. मौलाना साहेबांनीच ते सांगितले तर फारच बरे. मार्टीने पहिल्या वर्षी परिसंवाद घेऊ नयेत. आमच्या जिल्ह्यातली उर्दू रजिस्टरे उतरवून घ्यावीत आणि सच्चरपासूनचे सगळे अहवाल उर्दू-मराठीत छापावेत. उतरवायला माणसे नाहीत असे म्हणू नये. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रिकामे असतो.

या जूनमध्ये एक बाप पोराला पहिलीत घालायला आला. फॉर्म भरताना आम्ही बिरादरी विचारली. तो चमकला. ‘मास्टर साब, जात-बीत कायकू? अपन मुसलमान हैं, बस वहीच लिखो.’ आम्ही पेन खाली ठेवला, चहा मागवला आणि त्याच्या दादाच्या धंद्यापासून सुरुवात केली. पाऊण तास लागला. मागे रांग वाढत होती, हेडमास्तर खुर्चीतून बघत होते. शेवटी रकान्यात ‘तांबोळी’ लिहिले, त्याला वाचून दाखवले आणि खाली त्याची सही घेतली.